‘सगळं ३२०ला करून टाक’: सहाशे सीडींच्या एका संग्रहाचं प्रकरण

माझ्या मावसभावाकडे साधारण ६०० ऑडिओ सीडी आहेत. निम्म्याहून जास्त हिंदुस्थानी शास्त्रीय गायन-वादन, बाकीत पाश्चात्त्य वाद्यवृंद, थोडं जॅझ, काही नाट्यवाचनं, आणि खासगी मैफलींच्या, कुणीकुणी संगणकावर बर्न करून दिलेल्या पन्नासेक चकत्या. प्लेअरचा लेझर अडखळू लागला होता, नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नव्हता आणि गाडीत फक्त पेनड्राइव्ह चालत होता. दादाने काम माझ्यावर सोपवलं ते एका वाक्यात: “सगळं ३२०ला एमपीथ्री करून टाक. जागा कमी, आणि कुठेही वाजतं.”

या वाक्यात वेडगळ काहीच नाही. एमपीथ्री खरोखरच कुठेही वाजतं, आणि चांगल्या एन्कोडरने, म्हणजे आवाज दाबून फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमने, केलेलं ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्री मूळ सीडीपासून कानाने वेगळं ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. कारण दादा जागेचा हिशेब करत होता, आणि या कामात सगळ्यांत स्वस्त गोष्ट जागाच आहे. एक चकती ड्राइव्हमध्ये घालून नीट वाचून घेणं, नावं तपासणं, बाहेर काढणं, या सगळ्याला दहा मिनिटं धरली तरी ६०० चकत्यांचे १०० तास होतात. हे १०० तास कुणीही दुसऱ्यांदा देणार नाही. म्हणून कोणता फॉरमॅट कमी जागा खातो याआधी पाहायला हवं होतं ते हे, की पाच-सात वर्षांनी साधनं बदलली तर कोणत्या फॉरमॅटमधून बिनतोटा बाहेर पडता येईल. एमपीथ्रीतून तसं बाहेर पडता येत नाही. एमपीथ्रीचं एएसी (आवाज तसाच दाबणारा दुसरा फॉरमॅट) केलं की एकदा ढोबळ झालेला आवाज पुन्हा ढोबळ होतो.

दादाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, “मला कधी दुसरा फॉरमॅट लागणारच नाही.” मग आम्ही आकडे मांडले.

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनेल असा असतो. म्हणजे १४११ केबीपीएस. सरासरी चकती तासाची धरली तर ६०० तासांचा कच्चा आवाज ३८० जीबी होतो. फ्लॅकसारख्या लॉसलेस, म्हणजे एकही बिट न गमावता दाबणाऱ्या, फॉरमॅटमध्ये तो निम्म्याच्या थोडा वर, साधारण २१० जीबी. ३२०चं एमपीथ्री ८६ जीबी. लेम या एमपीथ्री एन्कोडरची व्ही२ ही बदलत्या बिटरेटची पातळी सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास राहते, ती ५१ जीबी. १२८ केबीपीएसचं ओपस, हा एमपीथ्रीसारखाच पण नवा फॉरमॅट, ३५ जीबी. दादाकडे एक टीबीची डिस्क अर्धी रिकामी पडून होती. आणि गाडीतला पेनड्राइव्ह ६४ जीबीचा होता, म्हणजे त्याचं लाडकं ३२० त्यात मावतच नव्हतं. घरच्या डिस्कसाठी कंजूष आणि गाडीसाठी जड, असं ते मधलंच काहीतरी होतं. हे पाहून तो पहिल्यांदा जरा ढिला पडला.

पण मग त्याने उलट टोक गाठलं. कुठेतरी ऐकलेलं आठवून म्हणाला, “मग एमपीथ्री नकोच. त्यात तानपुऱ्याची जवारी, तारेची ती झणझणती गुंज, मरते.” हा दावा नुसता मान डोलावून सोडून देण्यासारखा नव्हता, कारण गाडीसाठी काहीतरी लॉसी, म्हणजे आवाजातलं थोडं टाकून देणारं, लागणारच होतं. त्याची चाचणी घेतली.

चाचणीची पद्धत एबीएक्स. फूबार२००० या प्लेअरला त्यासाठी एक जोड-घटक मिळतो. ए म्हणजे मूळ, बी म्हणजे दाबलेली प्रत, आणि एक्स म्हणजे त्या दोनांपैकी कोणतीतरी, पण कोणती ते सांगितलं जात नाही. ऐकणाऱ्याने ओळखायचं. १६ वेळा विचारून १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते; त्यामुळे बारा हा आकडा धरतात. दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर असायला हवा. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो आणि निम्मे वाद तिथेच जन्मतात.

१२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवर दादाने तबला सोलो आणि मैफलीतल्या टाळ्या चटकन पकडल्या. तानपुऱ्यावरचं गायन त्याला तिथेही कठीण गेलं. व्ही२ला आल्यावर जवारीवरचे त्याचे अंदाज नाणेफेकीपलीकडे गेले नाहीत; तबल्याच्या एका तुकड्यावर मात्र तो बराच वेळ झगडत राहिला आणि काठावर अडकला. म्हणजे दाव्यातलं वाद्य चुकलं होतं, शंका अगदीच निराधार नव्हती.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एन्कोडर आवाजाचे छोटे तुकडे पाडतो आणि जे कानाला शेजारच्या मोठ्या स्वरामुळे ऐकू येणार नाही असा त्याचा हिशेब असतो, ते ढोबळ मोजून टाकतो. या ढोबळपणातून उठणारी खरखर तुकडाभर पसरते. एमपीथ्रीचा लांब तुकडा ५७६ नमुन्यांचा, म्हणजे १३ मिलिसेकंदांचा. तानपुऱ्याचा स्वर त्या अख्ख्या तुकड्यात भरून असतो, खरखर त्याच्याखाली दबते. पण शांततेनंतर एकदम तबल्याच्या कडेला, चाटेवर ‘ना’ पडला, तर खरखर त्या बोलाच्या आधीच सुरू होते. मोठा आघात त्याच्या आधीचं झाकतो खरा, पण काही मिलिसेकंदच. म्हणून आघात दिसला की एन्कोडर १९२ नमुन्यांच्या आखूड तुकड्यांवर उतरतो. एएसीत हा आखूड तुकडा १२८ नमुन्यांचा असतो, आणि कमी बिटरेटला एएसी तबल्याशी जरा बरं वागतं याचं एक कारण ते आहे. बिटरेट वाढला की खरखर एवढी खाली जाते की हा भेद उरत नाही. ‘एमपीथ्रीत मजा नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात जुन्या एन्कोडरचं १२८ बसलेलं असतं.

तर कानाच्या बाजूने व्ही२ पास झालं. मग लॉसलेसची गरज काय, हा प्रश्न दादाने लगेच विचारला, आणि तो बरोबर होता. माझं उत्तर तेच: फ्लॅक ऐकण्यासाठी ठेवायचं नाही, त्यातून पुढच्या प्रती काढण्यासाठी ठेवायचं. त्याला हे शेवटी पटलं ते मात्र सांध्यांमुळे.

त्याच्या संग्रहात विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर अशा कितीतरी चकत्या आहेत. मधे टाळ्या नाहीत, तानपुरा अखंड चालू. सीडीवर ट्रॅकची हद्द म्हणजे नुसती खूण असते, आवाज तुटत नाही. एमपीथ्रीत मात्र प्रत्येक फ्रेम ११५२ नमुन्यांची असते आणि एन्कोडरला सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता भरावीच लागते. किती भरली ते लेम फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवतो. संगणकावरचे चांगले प्लेअर ते वाचून तेवढा भाग गाळतात. गाडीतला रेडिओ गाळत नव्हता. द्रुत सुरू होताना तानपुऱ्यात खड्डा पडायचा. दादाने जवारीच्या नावाने जे दुखणं सांगितलं होतं, त्यातलं निम्मं हेच असावं असा माझा संशय आहे. बिटरेट कितीही वाढवला तरी हा खड्डा बुजत नाही. तो बुजवायचा तर त्या गाडीसाठी अख्खं गायन एकाच फाइलमध्ये जोडून एन्कोड करायला हवं, आणि घरी मात्र ट्रॅक वेगळे हवेत. एकाच मूळ प्रतीतून दोन तऱ्हा काढायच्या, तर मूळ प्रत लॉसलेसच हवी. इथे वाद संपला.

लॉसलेसमध्ये फ्लॅकच का, यावर मी फार वेळ घालवला नाही. फ्लॅक २००१पासून आहे, खुलं आहे, डिसेंबर २०२४मध्ये त्याची इंटरनेटच्या मानकांत आरएफसी ९६३९ म्हणून रीतसर प्रमाण-व्याख्या झाली, विंडोज १० आणि अँड्रॉइड ते आपणहून वाजवतात. अ‍ॅपलचं अ‍ॅलॅकही २०११पासून खुलं आहे आणि घरात सगळी साधनं त्याच कंपनीची असती तर मी तेच घेतलं असतं. एकातून दुसऱ्यात जाताना एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. फ्लॅकच्या बाजूने झुकवणारी एक बारीक गोष्ट होती. प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (एक बिट बदलला तरी बदलणारी तपासबेरीज) साठवलेला असतो. वर्षांनंतर एका आज्ञेत अख्खा संग्रह तपासून कोणती फाइल डिस्कवर सडली ते कळतं. एमपीथ्रीत अशी सोय नाही.

दाबण्याच्या पातळ्या ० ते ८. वरच्या पातळीला वेळ जास्त जातो, फाइल जेमतेम काही टक्क्यांनी लहान होते, आवाज सगळीकडे तोच. मूळची ५ ठेवली. आकार खरा बदलतो तो संगीतानुसार. एकट्या बासरीची चकती कच्च्या आकाराच्या निम्म्याखाली उतरली, ठणठणीत मास्टर केलेलं जॅझ सत्तर टक्क्यांवर अडलं. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत एक गंमत दिसली. दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असतील तर फ्लॅक त्यांच्यातला फरक साठवायला जातो, तो शून्य निघतो आणि एक चॅनेल जवळपास फुकट पडतो. पण तीच तबकडी कुणी स्टीरिओ पिनने उतरवलेली असेल तर दोन्ही बाजूंच्या ओरखड्यांची खरखर वेगवेगळी असते आणि ही बचत हातची जाते. फाइलच्या आकारावरून ते रूपांतर कसं झालं असेल याचा अंदाज येतो.

आता ज्यात खरा वेळ गेला ते. फॉरमॅटवर लोक तावातावाने भांडतात आणि चकती वाचण्याकडे बघत नाहीत. डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये मजकूर २०४८ बाइट असतो. उरलेली जागा पत्ता आणि जादा चूक-दुरुस्तीसाठी. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट आवाजालाच दिलेले आहेत. ओरखड्यापाशी पहिल्या थराची दुरुस्ती हरली की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भर घालतो आणि काही झालंच नाही असा चेहरा करून पुढे जातो. त्यातून बनलेली फ्लॅक फाइल तो अंदाजही तितक्याच इमानाने जपते.

म्हणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं, संशयास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचणारं सॉफ्टवेअर वापरलं आणि निकाल अ‍ॅक्युरेटरिपशी ताडून पाहिला. अ‍ॅक्युरेटरिप म्हणजे जगभरच्या लोकांनी त्याच चकतीच्या केलेल्या वाचनांच्या तपासबेरजांचा साठा. अनोळखी माणसाच्या अनोळखी ड्राइव्हने तोच आकडा काढला असेल तर दोघांचंही वाचन बरोबर, याहून भक्कम पुरावा घरबसल्या मिळत नाही. यासाठी ड्राइव्हचं ऑफसेट आधी नीट बसवावं लागतं. बहुतेक ड्राइव्ह काही नमुने पुढेमागे वाचतात, +६ हे बऱ्याच ड्राइव्हचं असतं. सहा नमुने कानाला कळणं शक्य नाही, पण त्याशिवाय आकडे जुळत नाहीत.

छोट्या कंपन्यांच्या शास्त्रीय चकत्या या साठ्यात पुष्कळदा नसतात, खासगी मैफलींच्या तर असणारच नाहीत. तिथे एकच चकती दोनदा वाचून दोन तपासबेरजा जुळतात का ते पाहायचं. जुळल्या तर बहुधा बरोबर. हा पुरावा कच्चा आहे, कारण एकच ड्राइव्ह एकच चूक दोनदा करू शकतो. शंका आली तिथे वेगळ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचलं.

क्रम ठरवताना मी एका गोष्टीवर अडून बसलो: बर्न केलेल्या चकत्या आधी. दादाला आवडत्या गायकापासून सुरुवात करायची होती. पण छापील सीडीत खड्डे दाबून उठवलेले असतात आणि बर्न केलेल्या चकतीत ते काम रंगद्रव्याच्या थरावर असतं. तो थर उजेडाने आणि वयाने उतरतो. काहींच्या बाहेरच्या कडा वाचताना ड्राइव्ह आधीच धापा टाकत होता. त्यातल्या एका मैफलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत निघाल्या, दोन्ही खराब, पण वेगवेगळ्या जागी. दोन्ही वाचून, नमुना नमुन्याशी जुळवून, एकीचे चांगले सेकंद दुसरीत भरले. जिथे काहीच हाती लागलं नाही तिथली वेळ फाइलशेजारच्या लॉगमध्ये आहे, म्हणजे तिसरी प्रत मिळाली तर कुठे पाहायचं ते कळेल.

दुसरी अडचण अनपेक्षित होती. ऐंशीच्या दशकातल्या काही चकत्या रिप केल्यावर, म्हणजे संगणकावर उतरवल्यावर, कर्कश लागत होत्या. त्या काळी काही सीडी प्रीएम्फसिस लावून काढत: वरचे स्वर, टोकाला सुमारे १० डेसिबलपर्यंत, चढवून छापायचे आणि प्लेअरने खूण ओळखून ते उतरवायचे. प्लेअर हे निमूटपणे करतो, रिप करणारं सॉफ्टवेअर सहसा करत नाही. आणि ही खूण कधी चकतीच्या अनुक्रमणिकेत असते, कधी फक्त ट्रॅकसोबतच्या उपसंकेतात, त्यामुळे निसटते. अशा फाइल्स मूळ प्रतीत आहेत तशाच ठेवून टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या रकान्यांत, नोंद केली आणि ऐकण्याच्या प्रतींसाठी सॉक्स (SoX) या प्रोग्रॅमने वरचे स्वर उतरवले. काही जण मूळ प्रतच दुरुस्त करतात. मला ते पटत नाही. उतरवताना आकडे पुन्हा मोजले जातात आणि मग अ‍ॅक्युरेटरिपचा पुरावा निकामी होतो.

नावांचं काम रिपपेक्षा लांबलं. म्युझिकब्रेन्झ या चकत्यांच्या माहितीच्या साठ्यावर पाश्चात्त्य चकत्या नीट सापडल्या, आपल्याकडच्या अर्ध्याही नाहीत. तसाच दुसरा साठा, फ्रीडीबी, २०२०मध्ये बंदच झाला. राग, ताल, साथीदार हे सगळं पुस्तिकेतून हाताने भरलं. फ्लॅकच्या टॅगमध्ये हवा तो रकाना जोडता येतो. रकान्याचं नाव रोमन लिपीत लागतं, आतला मजकूर देवनागरीत बिनधास्त चालतो, आणि एकाच रकान्यात तबलावाला वेगळा, पेटीवाला वेगळा असे दोन धनी राहू शकतात. गाडीच्या पडद्यावर मात्र देवनागरीच्या जागी चौकोन उमटले. तिथे दोष एमपीथ्रीचा नव्हता, त्याच्या आयडीथ्री नावाच्या टॅगमध्ये देवनागरी नीट साठत होती. रेडिओकडे अक्षरंच नव्हती. गाडीच्या प्रतीसाठी रोमन नावांचा वेगळा संच बनवला.

प्रती शेवटी अशा झाल्या. गाडीसाठी व्ही२ एमपीथ्री, अखंड मैफली जोडून एकेक फाइल, अल्बमच्या पातळीवर आवाज सारखा केलेला, पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल-मांडणीत, कारण रेडिओला दुसरं काही कळत नाही. दादाच्या अँड्रॉइड फोनसाठी १२८चं ओपस. ओपस २०१२चं आहे, आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतं म्हणून काही लोक नाक मुरडतात. चाचणीत दादाला मूळ आणि ते वेगळं सांगता आलं नाही, तबल्यावरसुद्धा. वहिनीच्या आयफोनवर तिने निवडलेले थोडेच अल्बम होते, ते एएसीत. या सगळ्या प्रती संगणकाने रात्रीतून काढल्या. फ्लॅकचा संच दोन डिस्कवर आहे, दुसरी वेगळ्या घरी.

एक गठ्ठा मात्र या व्यवस्थेबाहेर राहिला. बऱ्याच वर्षांपूर्वी दादाने काही चकत्या कुणाकडून तरी १२८ला एमपीथ्री करून घेतल्या होत्या आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून त्या एका मित्राला देऊन टाकल्या होत्या. तेव्हा जागा महाग होती, निर्णय त्या काळाला धरून होता. दादाने विचारलं, यांचंही फ्लॅक करायचं का? करता येतं, पण गेलेला आवाज परत येत नाही, फाइल पाच-सहा पट फुगते आणि दहा वर्षांनी ती पाहणाऱ्याला वाटतं की ही सीडीवरून घेतली आहे. त्या फाइल्स आहेत तशाच, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. गाडीतही त्याच जातात, पुन्हा एन्कोड न करता. फोन एमपीथ्री वाजवतोच.

मित्राकडे त्यातल्या बऱ्याच चकत्या अजून आहेत असं कळलं आहे. दिलेली वस्तू परत कशी मागायची म्हणून दादा अडला होता. आठवडाभरासाठी उसन्या मागायला तयार झाला. मी त्याला यादी छापून दिली आहे, तबल्याच्या चकत्या सगळ्यांत वर.